पट्ट्याची हाक

भिंगरी कुत्रीला खुब्याचं दुखणं तिच्या आईकडूनच आलेलं. कळ आली की ती ओळखून तिच्या गळ्यातला बोलका पट्टा "आई गं!" म्हणायचा आणि कमलिनीबाई हातातलं काम टाकून धावायच्या.

आज डॉक्टरांनी पट्टा काढला. "जनुकदुरुस्ती लागू पडली, काकू. आता हा कशाला बोलतोय!"

बाई हसल्या खऱ्या, पण घरी आल्यावर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं.

संध्याकाळी ओट्याखालचा डबा काढायला वाकल्या, तर त्यांच्याच गुडघ्यात कळ आली. "आई गं!"

आजवर उचलून घ्यावी लागणारी भिंगरी अंगणातून ताडकन उठली, पायऱ्या धडाधड चढून आली आणि बाईंचा गुडघा चाटू लागली.

बाईंना हसू आवरेना. "आलीस का गं, माझे आई!"