बाटली ज्याची त्यानं आणावी

दवाखान्याच्या खिडकीत मधुकर कंपाउंडरनं कमळची बाटली नाकाशी नेली आणि झटक्यात परत ढकलली.

“दारूची आहे ही!”

“राखेनं तीनदा घासलीय. वास तेवढा राह्यला.”

“दारूबंदी आहे, ठाऊक आहे ना? माझ्या नोकरीची वाट लावशील. दुसरी आण. अकराला खिडकी बंद.”

कमळचं डोकं फिरलं. काल तापानं फणफणलेल्या आईला माहुल गावाहून धरून धरून आणलं, डॉक्टरनं चिठ्ठी दिली, पण बाटली नाही म्हणून औषध नाही. आज बाटली होती, तर हे. आणि औषध तिथंच, कंपाउंडरच्या मागं मोठ्या बरणीत, लालभडक.

मागं रांगेत ऑफिसात कारकून असलेले शरच्चंद्रकाका लंडनच्या भाच्याचं पत्र सगळ्यांना ऐकवत होते. “तिकडे लॉर्ड असो की हमाल, डॉक्टर फुकट! फ्रान्सात आधी पैसे भरा, मग बरेचसे परत. रशियात सगळं सरकारच बघतं. आणि आपल्याकडे?”

“आणि बाटली?” कमळनं विचारलं.

“काय?”

“तिथं बाटली कोण देतो?”

रांग खो-खो हसली. काकांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. “तसं काही लिहिलं नाही त्यानं.”

त्यांच्या पिशवीतून बूच लावलेली स्वच्छ बाटली डोकावत होती.

“काका, तुमची द्या ना. उद्या परत आणते. आईशपथ.”

“मग मी कशात नेऊ गं?” काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“ह्ये पण लिवा मग भाच्याला!” कमळ फणकारली.

खिडकीच्या फळीवर बाटलीला चिकटवायच्या, डोसाच्या खुणांच्या कापलेल्या कागदी पट्ट्या पडल्या होत्या. जाताजाता तिनं एक उचलली, आणि बाहेरच्या नळावर माती घालून बाटली खसाखसा घासली. हुंगली. परत घासली. मागं खिडकी धाडकन लागली.

नळाखाली बाटली काठोकाठ भरली होती. या खेपेला तिनं ती ओतली नाही.

घरी भाताच्या शितानं तिनं पट्टी बाटलीला चिकटवली. आईनं पहिल्या खुणेपर्यंत पिऊन तोंड वाकडं केलं.

“कडू हाय,” ती म्हणाली. “आता गुण येल बघ.”