डबल बेल

"घाबरू नका बाबा, खोटी बस आहे. कुणाला लागत नाही," जावई म्हणाला आणि त्याने म्हाताऱ्या सासऱ्याच्या हातात कंट्रोलर कोंबला.

एकतीस वर्षं प्रवासी बस चालवलेल्या माणसाला हा घाबरू नका म्हणत होता. स्वतःला गाडी मागे घ्यायची तर बायकोला खाली उतरवून हातवारे करायला लावणारा हा पठ्ठ्या. म्हाताऱ्याने कंट्रोलर उलटापालटा करून पाहिला. साबणाच्या वडीएवढा. यात म्हणे स्टिअरिंग, ब्रेक, सगळं.

टीव्हीशेजारी गाडीची किल्ली ठेवली होती. ती खरी होती, आणि गाडी म्हाताऱ्याच्या नावावर होती. पण "बाबांचं वय झालं, आता गाडी मीच चालवणार" असं जावयाने गेल्या आठवड्यात भर जेवणात जाहीर केलं. मुलगी मध्ये पडली, तेव्हा त्याने ही तोड काढली. दोघांनी मिळून खेळायचा बसचा खेळ. म्हाताऱ्याने ड्रायव्हर व्हायचं, जावयाने कंडक्टर. सहा थांब्यांची पहिली फेरी पार पडली तर किल्ली म्हाताऱ्याची, नाहीतर कायमची जावयाची. याच्यामागे गाठोड्यासारखं बसून फिरायचं, या विचारानेच म्हाताऱ्याला आठवडाभर घास गोड लागला नव्हता.

सुरुवातीला पडद्यावर सूचना आल्या. ड्रायव्हरची कामं एका बाजूला, कंडक्टरची दुसऱ्या. म्हातारा चष्मा लावून वाचू लागला. शेवटच्या ओळीपर्यंत पोचतो न पोचतो, तोच जावयाने बटण दाबून सगळं उडवलं.

"हे कुणी वाचत नाही हो."

"टायर कुठे बघायचे?"

"टायर नाही बघायचे. थेट बसायचं."

"आणि हवा?"

"बाबा, गेम आहे हा!"

टायर न बघता बस बाहेर काढणाऱ्यांबद्दल म्हाताऱ्याचं एक ठाम मत होतं. मुलगी समोर बसली होती म्हणून त्याने ते गिळलं. आरसे मात्र बसवता येत होते. त्याने डावा बसवला, उजवा बसवला, आतला बसवला. जावयाने तोंडावर हात न ठेवता दोन जांभया दिल्या.

इंजिन सुरू झालं. पहिल्या थांब्यावर सहा माणसं चढली. जावयाने तिकिटं दिली, दार लावलं.

बस हलली नाही.

"निघा की. उजवं बटण."

म्हातारा ताठ बसला होता. नजर समोर, बोट बटणावर.

"उजवं, बाबा, उजवं! आता उजवं-डावंही विसरलात का?"

म्हाताऱ्याच्या कपाळावरची शीर टरारली, पण बोट हललं नाही. पडद्यावरचे प्रवासी कुरकुरायला लागले. कोपऱ्यातलं घड्याळ लाल झालं. मग पाटी आली. बस वेळेत सुटली नाही, फेरी रद्द.

जावई मांडीवर थाप मारून हसला. "एकतीस वर्षं म्हणे! जागची हलवता आली नाही." त्याने किल्ली उचलून खिशात टाकली.

"बाबा, का नाही काढलीत बस?" मुलीचा चेहरा पडला होता.

"त्याने बेल कुठे दिली?"

"कसली बेल?"

"डबल बेल. सगळे आत आलेत, आता निघा. हे कंडक्टर सांगतो, मग बस हलते. ड्रायव्हरला मागचं काय दिसतं? बटण त्याच्याच हातात होतं. वाचलं असतं तर सापडलं असतं."

"पुरे झालं पुराण," जावई म्हणाला. "चला, हिची दाताच्या डॉक्टरकडे अकराची वेळ आहे."

खाली जावई ऐटीत स्टिअरिंगवर बसला. म्हातारा मागे बसला. मुलगी पुढच्या दारातून आत शिरत होती, एक पाय आत, एक बाहेर, पर्सचा पट्टा दाराच्या कडीत अडकलेला. जावयाने फोनवर रस्ता बघत बघत गाडी सोडली.

म्हाताऱ्याने आतून टपावर मूठ आपटली. एकदाच. एक बेल म्हणजे थांब, हे जावयाला ठाऊक नव्हतं, पण दचकून त्याचा पाय ब्रेकवर पडला.

मुलीची चप्पल मागच्या चाकाखाली गेली होती. पाय वाचला होता.

ती एका पायात चप्पल घालून गाडीला वळसा घालून आली आणि नवऱ्याच्या बाजूचं दार उघडलं.

"उतर."

"अगं, मला वाटलं तू बसलीस..."

"उतर म्हटलं ना. मागे बस. बाबा, तुम्ही पुढे या."

म्हातारा उतरला. आधी त्याने चारही टायरांना एकेक लाथ मारली. मग बसला, सीट पुढे ओढली, आरसे बसवले. डावा, उजवा, आतला. आतल्या आरशात जावई दिसत होता, लाल कानांचा. म्हाताऱ्याने किल्ली फिरवली.

गाडी हलली नाही.

"आता काय राहिलं?" मागून आवाज आला.

"जावईबापू, सगळे आत बसलेत का बघा," म्हातारा समोर बघत म्हणाला. "आणि सांगा."

मुलीने सीटबेल्ट लावला. अकराला दहा मिनिटं होती. कुणीतरी मागून हॉर्न दिला. मग टपावर आतून दोन ठोके पडले, अगदी हळू.

"ऐकू आलं नाही," म्हातारा म्हणाला.