मास्कची गरज नसलेली माणसं

रंगाच्या कारखान्याने सगळ्या कामगारांच्या जनुकांची तपासणी केली. थिनरची वाफ ज्यांच्या शरीराला सोसत नाही, त्यांना सरळ घरी बसवलं. उरलेल्यांना मॅनेजर म्हणाला, "तुम्ही जन्मतःच पोलादी! आता मास्क आणि पंख्यांचा खर्च कशाला?" मास्क गोळा करून नेले, पंखे बंद झाले आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. आपला गळा आवळणाऱ्यालाच टाळ्या!

सगळ्यात जोरात वाजवल्या फोरमनने. दुसऱ्याच दिवशी तो लेकीला कामावर घेऊन आला. मॅनेजरने तिच्या तपासणीचं विचारलं, तर छाती फुगवून म्हणाला, "साहेब, माझं रक्त आहे ते! बाप पास म्हणजे पोरगी पास." मॅनेजरने मान डोलावली.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोरगी भिंतीला टेकून खोकत होती. "होईल सवय," म्हणत फोरमन तिची पाठ चोळत होता. शेजारच्या मशीनवरची म्हातारी मावशी तिच्याकडे निरखून बघत राहिली.



"अगदी आईवर गेलीस गं बाई! तीही इथेच, शेवटी शेवटी अशीच खोकायची."