तू हो पुढे

टेकडीच्या माथ्यावर पोचलो की भाऊजी दर रविवारी तेच म्हणायचे, "तू हो पुढे."

दोघांच्या सायकली सारख्याच. स्टीलच्या, मागे शॉकअप नाही, त्यामुळे उतारावरचा प्रत्येक दगड थेट मणक्यात. तरी पहिला नेहमी मी. पडायचं झालंच तर मेहुणा पडू दे, असा त्यांचा डाव असणार. मी ब्रेक दाबला की मागे तेही दाबायचे, मी वळलो की वळायचे. म्हणजे धोका माझा आणि आयती वाट त्यांची.

मग माझ्या लक्षात आलं. पेडल थांबवलं की माझ्या मागच्या चाकातलं फ्रीव्हील मोठ्यानं करकरतं, त्यावरून त्यांना माझा वेग कळत असणार. मी मेकॅनिककडून त्यात घट्ट ग्रीस भरून घेतलं. आवाज बंद.

या रविवारी "तू हो पुढे" ऐकलं आणि मी मुकाट उतरायला लागलो. थोडं खाली जाऊन मागे पाहिलं तर लख्ख उन्हात भाऊजी माथ्यावरच उभे. बरे सापडले, म्हणत मी सायकल आडवी टाकली आणि परत वर चढलो.

"का भाऊजी, आज भीती वाटली?"

"तुझ्या चाकाचा आवाज कुठे गेला रे?"

"बंद करून घेतला."

ते सायकलवरून उतरले. "मग आज चालत जाऊ. तुझ्या ताईला मात्र यातलं काही बोलू नकोस."

माझ्या खांद्यावर ठेवायला त्यांनी हात पुढे केला. तो वीतभर बाजूला, हवेवरच टेकला.