डिस्प्ले येईना

स्क्रीन पुन्हा काळीच. चंदनानं बटण दाबून धरलं, सोडलं, परत दाबलं. लाइट लागली, पंखा घरघरला आणि लॅपटॉप ढिम्म. "डिस्प्ले येईना रं," ती पुटपुटली. मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. पलीकडे आई सामायिकाला बसली होती आणि ती ध्यानातून उठेपर्यंत त्या घरात मांजरसुद्धा जपून चालायचं. म्हणून तर लॅपटॉपलाही सकाळपासून इअरफोन जोडून ठेवला होता.

चार वाजता कुमारचा इंटरव्ह्यू होता. कुमार तिचा धाकटा भाऊ, जन्मापासून आंधळा. कॉम्प्युटर तो कानांनी शिकला होता; स्क्रीनवरचं सगळं मशीन त्याला इअरफोनमधून वाचून दाखवायचं. बेळगावच्या एका कंपनीला घरी बसून ग्राहकांचे फोन घेणारी माणसं हवी होती. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, कुठल्याही भाषेत समोरच्याला गार करावं तर कुमारनंच. अडचण होती ती घरातल्या म्हाताऱ्या लॅपटॉपची. कंपनीला पाहिजे होती नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणि ती या लॅपटॉपला दारातही उभं करून घेत नव्हती. निपाणीतला दुकानदार अरिहंत यानं आधीच हात झटकले होते. "त्या डब्यात हे बसत न्हाय, चंदना. उगंच नादाला लागू नको."

असं कुणी म्हटलं की चंदनाला चेव यायचा. व्हिडिओ बघून बघून तिनं सिस्टीम बसताना होणारी मशीनची तपासणीच चुकवली आणि मागच्या दारानं सिस्टीम आत घुसवली. आज सकाळी ती चाललीसुद्धा. कुमारनं कंपनीचं ॲप बसवून घेतलं, मुलाखतीची लिंक उघडून पाहिली. चंदना गल्लीभर सांगून आली. तेवढ्यात सिस्टीमनं आपल्या मनानं काहीतरी उतरवून घेतलं, स्वतःच बंद होऊन परत सुरू झाली आणि तेव्हापासून हा अंधार.

ज्याच्यावरून सिस्टीम घातली तो पेनड्राइव्ह तिनं काढून पाहिला. मागचं झाकण उघडून रॅम बाहेर काढली, खोडरबरानं घासली, फुंकर मारून परत बसवली. खरं सांगायचं तर ती जेवढी घाबरली होती तेवढीच रंगातही आली होती. दर खेपेला तिला वाटायचं, आता येतंय. येत काही नव्हतं.

"कंपनीला फोन करून उद्याची वेळ मागूया काय?" तिनं विचारलं.

"नको," कुमार म्हणाला. "अडचण आलीय म्हटलं की लोकांना माझ्या डोळ्याचीच अडचण वाटती. मागल्या खेपेला तसंच झालं. ह्या खेपेला न्हाय."

तिनं बाहेर येऊन अरिहंतला फोन लावला. तो आधी मनसोक्त हसला, मग म्हणाला, "बाहेरचा मॉनिटर जोडून बघ. त्याच्यावर काय दिसलं तर मशीन जिवंत हाय म्हणायचं."

"मग तुझाच दे," म्हणत तिनं स्कूटीची चावी उचलली आणि आत डोकावली. "मॉनिटर घिऊन आले बघ."

"जा. मशीन बंद करू नको, तसंच राहू दे," कुमार म्हणाला.

"चालू हाय कुठं ते? पंखाच फिरायलाय नुसता."

जाताना ती वाऱ्यासारखी गेली. येताना आठवडी बाजार आडवा आला. ओढणीत गुंडाळलेला मॉनिटर पायांशी धरून ती मिरचीच्या पोत्यांमधून, टेम्पोंच्या कडेनं, जमेल त्या भाषेत वाट मागत निघाली. एका म्हशीलाही तिनं कन्नडमधून सरकायला सांगितलं. म्हैस सरकली, पण पुढचा ट्रॅक्टर हलेना. घराच्या कोपऱ्यावर वळताना तिनं मोबाइल पाहिला, तर चार कधीच वाजून गेले होते.

दारात आई उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. हिचं ध्यान संपलं तरी मौन काही सुटत नाही, असं मनाशी म्हणत चंदना तिला ओलांडून आत शिरली.

इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, कुमार त्या काळ्या स्क्रीनसमोर ताठ बसला होता. कानात इअरफोन, बोटं कीबोर्डावर. बिचारा अजून आशेवर होता. तिनं मॉनिटर जमिनीवर ठेवला आणि मग तिला राहवलं नाही.

"ऊठ रं, कुमार. गेली वेळ. मीच घालवली तुझी नोकरी," ती हुंदके देत म्हणाली. "अरिहंत बोंबलून सांगत होता, ह्या मढ्यात जीव न्हाय म्हणून. मला लई शानपणा सुचला. आता काय तोंड दाखवू मी तुला?" कुमारच्या खुर्चीमागेच तिनं बसकण मारली आणि ओढणीत तोंड खुपसून ती धाय मोकलून रडू लागली.

कुमारनं एका कानातला इअरफोन काढला आणि मान थोडी मागं वळवली.

"आक्का, डिस्प्ले तेवढा गेलाय. मशीन कवाच चालू झालंय," तो हळू आवाजात म्हणाला. "इंटरव्ह्यू चाललाय. साहेब विचारायलेत, मागं रडायलीय ती कोण."