टप कुठे गळतो

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर मुरलीधररावांनी एक जुनी उघडी गाडी घेतली आणि तिचा ताडपत्रीचा टप स्वतःच शिवला. आज तो गळतो का, ते बघायचं होतं.

"शालन, आत बस. थेंब पडेल तिथं आतून टकटक कर. मी बाहेरून खूण करतो."

"माझी अंघोळ सकाळीच झालीय हो!" बायको हसत आत बसली.

त्यांनी दार लावलं. दाराची आतली कडी बसवायची अजून राहिली होती, ते फक्त बाहेरूनच उघडायचं. खिडक्यांना काचेऐवजी पिवळट प्लास्टिक होतं, त्यातून आतलं दिसत नव्हतं. त्यांनी टपावर पाण्याचा पाइप सोडला.

टक, टक. मागच्या शिवणीपाशी. त्यांनी खडूनं खूण केली. मग पुढं. मग दारापाशी. मग सगळीकडून एकदम.

"अहो, चहा!"

स्वयंपाकघराच्या दारात शालन कप घेऊन उभी होती. साडी कोरडी.

"तू बाहेर कशी आलीस?"

"तुम्हीच तर दार उघडलंत. हल्ली फार विसरता."

"मग हे वाजतंय काय?"

"टपाची सळई सैल असेल. तुम्हीच शिवलाय ना!"

मुरलीधरराव ओशाळून हसले. तरी त्यांचा हात गाडीच्या दाराकडे गेला.

"चहा निवतोय हो."

त्यांनी कप घेतला. टकटक हळूहळू मंदावत गेली.

पहिल्याच घोटाला चहा गोड लागला. मधुमेह निघाल्यापासून सात वर्षं शालननं त्यांच्या चहात साखरेचा कण पडू दिला नव्हता.

गाडीत आता काहीच वाजत नव्हतं.