कानशिलावरचा हेडफोन

हिंगण्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं प्रेसवर पत्रे कापून बाबांच्या कानाचे पडदे गेले. म्हणून मी हाडातून आवाज पोचवणारा हेडफोन आणला. तो कानात जात नाही, कानशिलावर बसतो.

भर दुपारी बाबांना कूलरसमोर बसवून मी तो त्यांना लावला, आधी फोनला जोडला, मग लॅपटॉपला. बाबा एकदम ताठ बसले.

"येऊन राहिलं वं ऐकू," ते म्हणाले. "प्रेस चालू हाये."

मी अजून काहीच लावलं नव्हतं.

फोन बंद केला. लॅपटॉप मिटला. तरी बाबांचा उजवा पाय ठेक्यात फरशी दाबतच होता. दर वेळी आधी ते समोर पाहत. प्रेसच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, त्यामुळे समोरच्यानं पत्रा ठेवून हात वर केला, की मगच पेडल दाबायचं.

"समोर कोण हाये, बाबा?" मी खुणेनं विचारलं.

"सुखदेव."

सुखदेवकाका त्याच प्रेसमध्ये हात सापडून गेले. पेडलवर बाबा होते.

मी हेडफोन हिसकून स्वतःच्या कानशिलावर लावला. थड. थड. थड. मग सगळं थांबलं. माझ्या जबड्याच्या हाडातून कुणीतरी बाबांचं नाव घेऊन शांतपणे विचारलं, "आनंदराव, पोरीनं हात काढला का?"

माझा हात मिटलेल्या लॅपटॉपवरच होता.

हेडफोन नसतानाही बाबांना ते ऐकू आलं असावं. त्यांनी माझ्या हाताकडे नीट पाहिलं.

"काढला," ते म्हणाले, आणि पाय दाबला.